लेक आपली, बोलणारे लोक



एरवी मी तुम्हाला भातावरचा खोडकिडा, करपा, नागलीचे बियाणे, बांधावरची तूर अशा गोष्टींबद्दल लिहितो. आज लिहितो आहे ते एका शेतकऱ्याला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. गेले वर्षभर ते माझ्याकडे बाकी आहे.

मुरबाड तालुक्यात टोकावड्याच्या बाजूला एक गाव आहे. तिथल्या एका शेतकऱ्याकडे मी गेल्या वर्षी गेलो होतो. तुळशीचे लग्न नुकतेच झाले होते. आपल्याकडचा क्रम तुम्हाला माहीत आहे. भात झोडून घरात आले, तुळशीचे लग्न लागले की स्थळे यायला लागतात. या गृहस्थांची थोरली मुलगी अकरावीत होती. सकाळीच कोणी स्थळ घेऊन आले होते आणि यांनी सरळ सांगितले होते, "पोरीची शाळा चालू आहे. आम्हाला आता करायचे नाही." पाहुणे चहा घेऊन गेले, पण ओटीवरची माणसे उठली नव्हती. चुलता होता, दोन शेजारी होते, एक दूरचा मामा होता. मी मागच्या हंगामाच्या बियाण्याचे बोलायला गेलेला माणूस, कोपऱ्यात बसलो.

चुलता म्हणाला, "एवढी शिकवून काय कलेक्टर करणार आहेस?" शेजारी म्हणाला, "एसटीने रोज मुरबाडला जाते. उद्या काही भलतेसलते झाले तर तोंड कुठे दाखवशील?" मामांनी सर्वांत गोड आवाजात सर्वांत कडू बोल लावला, "तुझ्या धाकटीला मग कोण विचारील?" घरधन्याने कोणालाच उत्तर दिले नाही. मला मोटारसायकलीपर्यंत पोचवायला आला तेव्हा मात्र हळूच विचारले, "साहेब, मी चुकतोय का?"

मी घाईत होतो. सरळगावला दुसरी बैठक होती. "छे छे, शिकवा, शिकवा," असे काहीतरी बोलून मी गाडीला किक मारली. रस्त्यात मला माझेच उत्तर फार हलके वाटले. ज्याला रात्री भावकीत बसायचे आहे त्याला एवढ्याने काय होणार?

या माणसाला मी आधीपासून ओळखतो. सगुणा भात तंत्राने लावलेला गावातला पहिला तुकडा त्याचा. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांनी बसवलेली ही पद्धत आता तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिली असेल. कायमचे गादीवाफे करायचे, साच्याने भोके पाडून भाताचे दाणे टोकायचे, चिखलणी नाही, आवणी नाही, कापणीनंतर मुळे जमिनीतच ठेवायची. चिखल न करता भात ही कल्पनाच आपल्या माणसाला पचत नाही. त्या वर्षी हीच चार माणसे बांधावर उभी राहून हसत होती. "साहेबाच्या नादी लागून घरचे तांदूळ घालवणार." तेव्हाही तो वाद घालत बसला नव्हता. सगळ्या शेतात नव्हे, एका तुकड्यात त्याने लावणी केली आणि दिवाळीपर्यंत गप्प राहिला. तेव्हा बोलणी ऐकून घ्यायची ताकद या माणसात आहे हे मला माहीत होते. तरीही मुलीच्या बाबतीत त्याचा आवाज का कापला, याचा मी विचार करत राहिलो.

कारण उघड आहे. भाताचा तुकडा बिघडला तर पुढच्या मृगाला पुन्हा लावता येतो. लेकराचे बारावे वर्ष, पंधरावे वर्ष पुन्हा येत नाही. म्हणूनच बाप घाबरतो. पण नीट पाहिले तर हेच कारण उलट्या बाजूनेही लागू आहे. लोकांचे ऐकून शाळा सोडवली, तर तेही वर्ष पुन्हा येत नाही. आणि त्या चुकीचा जाब विचारायला ओटीवरचे कोणी येत नाही.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. माझी एक थोरली बहीण आहे. आमच्या गावात तेव्हा शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला पाच किलोमीटर चालावे लागे. १९७६ साली ती चौथी पास झाली, पहिल्या नंबराने. वडील तिला पुढे पाठवायच्या विचाराचे होते, हे मी आईकडून ऐकलेले आहे. पण चुलते, मामा, देवळातली माणसे सगळी बोलली. वडील मऊ स्वभावाचे. त्यांनी ऐकले. बहिणीच्या हातात विळा आला. पुढे मी त्याच वाटेने पाचवीला गेलो आणि कोणी एक शब्द बोलले नाही. पावसाळ्यात ओढा ओलांडून देण्यासाठी आई तिलाच माझ्याबरोबर पाठवी. ती माझे दप्तर डोक्यावर घेऊन मला पलीकडे सोडायची आणि परत आवणीला जायची. १९८१ मध्ये, पंधरा वर्षांची असताना, तिचे लग्न झाले. मुलीचे लग्नाचे वय १९७८ सालीच १८ झाले होते, पण आमच्या गावात ते कोणाला ठाऊक नव्हते, आणि ज्यांना ठाऊक होते त्यांनी जेवण जेवून अक्षता टाकल्या. मी शेतकी पदवी घेतली. माझ्या त्या पदवीत तिच्या विळ्याचा वाटा किती, हे मी अजून मोजतो आहे.

त्या वेळी बोललेल्यांपैकी आज कोणीही हयात नाही. ती मात्र आहे, साठीला टेकलेली.

आपल्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुम्हाला ठाऊक असेलच. ८ मार्च २०१६ रोजी ती सुरू झाली. जिल्हा परिषदेच्या शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ती उभी केली आणि मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टने हातभार लावला. साठीपासून नव्वदीपर्यंतच्या आज्या गुलाबी नऊवारीचा गणवेश नेसून, खांद्याला दप्तर अडकवून दुपारी दोन तास पाटीवर अक्षरे गिरवू लागल्या. शिकवायला गावातलीच एक सून. देशोदेशीचे पत्रकार येऊन फोटो काढून गेले. सगळ्यांना कौतुक वाटले, मलाही वाटले. पण त्या फोटोंकडे पाहताना माझ्या मनात दुसरेच काही येते. या प्रत्येक आजीला एक बाप होता, आणि त्या बापाच्याही ओटीवर चार माणसे बसत असणार. थरथरत्या हाताने पाटीवर काढलेला 'अ' पाहून आपण टाळ्या वाजवतो. तो 'अ' साठ वर्षे उशिरा आलेला आहे, हे टाळ्यांमध्ये विसरून जातो.

बाप ठाम राहिला तर काय होते, हेही पाहू. त्यासाठी दीडशेहून अधिक वर्षे मागे जावे लागेल, पण गोष्ट आपल्या ओटीवरचीच आहे असे तुम्हाला वाटेल.

अनंतशास्त्री डोंगरे नावाचे एक विद्वान होते. पुण्यात शिकत असताना पेशव्यांच्या घरातील बाईंना संस्कृत श्लोक म्हणताना त्यांनी ऐकले आणि आपल्या घरच्या बायकांनीही शिकावे असे त्यांच्या मनाने घेतले. पहिल्या पत्नीला शिकवायला गेले तेव्हा घरच्या वडीलधाऱ्यांनी ते चालू दिले नाही. पुढे ती वारली. दुसऱ्या पत्नीला, लक्ष्मीबाईंना, त्यांनी शिकवायला घेतले तेव्हा पुन्हा तीच बोलणी. या वेळी ते मागे हटले नाहीत. पश्चिम घाटातल्या गंगामूळच्या रानात जाऊन राहिले आणि तिथे विद्यार्थी शिकवू लागले. बायकोला संस्कृत शिकवतो म्हणून त्यांना उडुपीच्या धर्मसभेपुढे जाब द्यावा लागला. त्यांनी भांडण केले नाही, शास्त्रातलेच आधार काढून पुढे ठेवले.

मला या माणसात सर्वांत जवळचे वाटते ते त्यांचे धैर्य नव्हे, त्यांची चूक. एवढा पुढचा विचार करणारा बाप, पण थोरल्या मुलीचे लग्न त्यांनी रितीप्रमाणे लहानपणीच लावून दिले. ते सुखाचे झाले नाही. धाकटी झाली तेव्हा मात्र त्यांनी ठरवले की हिचे असे करायचे नाही. ही धाकटी म्हणजे २३ एप्रिल १८५८ रोजी त्या रानात जन्मलेल्या रमाबाई. तिला आईने शिकवले. घरातल्या कामाचा रगाडा सुरू होण्याआधी, पहाटे मुलीला उठवून ती माऊली श्लोक पाठ करून घेई. आठ-नऊ वर्षांच्या मुलीचे लग्न झालेच पाहिजे असा तो काळ. रमाबाई सोळा वर्षांच्या झाल्या तरी आईबापांनी त्यांचे लग्न केले नव्हते.

याची किंमत त्यांना द्यावी लागली, हेही सांगितले पाहिजे. रानातले घर टिकले नाही, कर्ज झाले, मग सगळे कुटुंब पुराण सांगत गावोगाव आणि तीर्थोतीर्थी फिरले. १८७० नंतरच्या दुष्काळात आई आणि वडील दोघेही गेले. त्यांनी मुलीचे पुढचे काहीच पाहिले नाही. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी त्यांच्या मुलीची परीक्षा घेऊन तिला 'सरस्वती' ही पदवी दिली, तेव्हा ते हयात नव्हते. १८८९ मध्ये तिने मुंबईत विधवा आणि निराधार मुलींसाठी शारदा सदन काढले, पुढे पुणे जिल्ह्यातल्या केडगावला जमीन घेतली, विहिरी पाडल्या, दुष्काळात उपाशी पडलेल्या मुलींना आणून सांभाळले. पंडिता रमाबाई म्हणून आपण त्यांना ओळखतो. त्यांनी पुढे धर्म बदलला, त्यावर त्या काळी मोठे वाद झाले, पण तो आजचा विषय नाही. विषय त्या पहाटेच्या श्लोकांचा आहे. उडुपीच्या सभेत जाब विचारणाऱ्यांची नावे आज कोण सांगू शकेल?

म्हणजे लोक बोलतात ते सगळेच टाकाऊ असते असे माझे म्हणणे आहे काय? नाही. इथे मला शहापूर तालुक्यातली एक गोष्ट सांगावी लागेल.

दिवाळी झाली की आपल्याकडची कितीतरी कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर जातात. उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची असते. मुले बरोबर जातात आणि त्यांची शाळा सुटते. डोळखांबकडच्या एका वाडीत एका जोडप्याने ठरवले की या वर्षी दोन्ही मुलांना न्यायचे नाही, आजीजवळ ठेवायचे. वाडी त्यांच्यावर उठली. "आईबाप जिवंत असून पोरे पोरकी केली." "आमची नाही का भट्टीवर वाढली?" आईला तर बायकांनी दगडाच्या काळजाची ठरवले. ती निघाली तेव्हा धाकटा टेम्पोमागे धावला, हे मी स्वतः पाहिलेले आहे. तिने मागे वळून पाहिले नाही. वळली असती तर उतरली असती.

मी या दोघांच्या बाजूचा. पण त्या गलक्यात एका म्हातारीचे बोलणे वेगळे होते. ती म्हणाली, "पोरे ठेवलीस ते बरे केलेस. पण तुझ्या सासूला रात्री दिसत नाही. चूल कोण पेटवणार? ताप आला तर दवाखान्यात कोण नेणार?" हा बोल टीकेचा नव्हता, काळजीचा होता, आणि खरा होता. आईबाप पुन्हा बसले, शेजारणीशी बोलले, थोडे पैसे तिच्याजवळ ठेवले, गुरुजींना भट्टीच्या मुकादमाचा फोन नंबर देऊन ठेवला. स्थलांतर करणाऱ्यांच्या मुलांसाठी सरकारची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, तिचीही शाळेत चौकशी केली. दोन्ही मुलांचे वर्ष पार पडले. धाकटा मध्ये आजारी पडला होता तेव्हा त्या म्हातारीचाच मुलगा त्याला शहापूरला घेऊन गेला.

तेव्हा बोल ऐकताना मी एवढेच पाहतो की बोलणाऱ्याला लेकराचे काय होईल याची चिंता आहे की स्वतःच्या नाकाची. पहिला माणूस बहुधा काहीतरी विचारतो. दुसरा नुसते सांगतो. पहिल्याचे ऐकावे, त्याला चहा द्यावा आणि जमले तर मदतीला धरावे. मुरबाडच्या ओटीवरही शेजाऱ्याच्या बोलण्यात एक खरी गोष्ट होती. संध्याकाळच्या एसटीचा वेळ चुकला तर मुलगी अंधारात उतरते. त्यावर उपाय शाळा सोडवणे हा नाही. त्याच बाजूच्या चार मुलींनी एकत्र येणे, फाट्यावर कोणीतरी घ्यायला जाणे, आगारात अर्ज करून गाडीचा वेळ बदलून मागणे हे उपाय आहेत. पाचवी ते बारावीच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेखाली एसटीचा पास मोफत आहे, आणि मुलींचे बारावीपर्यंतचे शिक्षणही. आदिवासी मुलींसाठी आश्रमशाळा आणि वसतिगृहांची चौकशी शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करता येते. भावकीत "परवडत नाही" म्हणून गप्प बसवले जाते, तेव्हा ही माहिती खिशात असलेली बरी.

आणि लग्नाचा फारच तगादा लागला तर कायदाही आपल्या बाजूला आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने १८ वर्षांच्या आतल्या मुलीचे लग्न लावणारे, जुळवणारे आणि त्याला साथ देणारे सगळेच अडचणीत येतात. "मला काही हरकत नाही हो, पण आम्ही सगळेच तुरुंगात जाऊ," असे हसत हसत सांगून स्थळ परत पाठवणारा एक बाप मला किन्हवलीकडे भेटला होता. ज्याला भावकीत थेट नाही म्हणता येत नाही त्याने ही युक्ती वापरायला हरकत नाही. १०९८ हा मुलांच्या मदतीचा फोन नंबरही लक्षात ठेवावा.

आता मी स्वतः किती पाण्यात आहे तेही सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल की साहेबाला बोलायला काय जाते.

माझी मुलगी बारावीला नापास झाली. पदार्थविज्ञान गेले. निकाल लागला त्याच आठवड्यात आमच्याकडे दोन स्थळे आली. आणणारे घरचेच होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होते. "शिकवून पाहिलेस ना? आता तरी ऐक." मी खरे सांगतो, मी डगमगलो. पदवीधर, लोकांना उपदेश करणारा, वडिलांच्या मऊपणाला आयुष्यभर नावे ठेवणारा मी, आणि मी म्हणालो, "पत्रिका ठेवून जा, बघू." स्वयंपाकघरातून माझी पत्नी बाहेर आली. तिने पत्रिका उचलून पाहुण्यांच्या हातात परत दिली. म्हणाली, "नापास झाली म्हणून लग्न? लग्न काय शिक्षा आहे?"

जुलैमध्ये मुलीने पुरवणी परीक्षा दिली आणि ती पास झाली. सध्या ती दुसऱ्या वर्षाला आहे. पुढे काय करील ते मला माहीत नाही. मोठी कोणी झाली असे सांगून मला हा लेख संपवता येणार नाही, कारण ते अजून व्हायचे आहे. कदाचित पुन्हा एखादा विषय जाईल. पाहुणे पुन्हा येतील. पण त्या दिवशी ती दाराआड उभी राहून सगळे ऐकत होती, हे मला मागाहून कळले. आई काय म्हणाली ते तिने ऐकले, आणि बाप काय म्हणाला तेही. लेकरे दाराआडून सगळे ऐकतात, ही गोष्ट ओटीवर बसलेल्या आपणा सर्वांच्या ध्यानात राहत नाही.

टोकावड्याकडच्या माझ्या मित्रा, तुझी मुलगी आता बारावीची परीक्षा देईल. तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे की तू चुकत नाहीस. पण एकटा ओटीवर बसू नकोस. घरातल्या बाईला बरोबर बसव, आणि मुलीलाही बोलाव. तिचा निर्णय तिच्या पाठीमागे बोलला जाऊ नये. धाकटीला कोण विचारील, या मामांच्या प्रश्नावर एवढेच सांग की धाकटीलाही शिकवायची आहे, ती मोठी झाली की तिलाच विचारू.

हा अंक माझ्या बहिणीच्या घरी जातो. चौथीच्या अक्षरओळखीवर ती तो बोट ठेवून, एकेक शब्द लावत वाचते. एका पानाला तिला बहुधा दोन दुपारी लागतात. गेल्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. नात पाचवीला गेली आहे आणि शाळा आजही लांबच आहे. सुनेच्या माहेरची माणसे आली होती. पोरीला एवढ्या लांब कशाला, असे कोणीतरी म्हणाले. ताई काही बोलली नाही. उठली, खुंटीवरची छत्री काढली आणि नातीला म्हणाली, "चल गं, ओढ्यापर्यंत मी येते."